पर्थ ते लंडन : अंतर एक, प्रवासाचे तास अनेक

परदेशात स्थायिक झालेल्या मुलाबाळांची वाट पाहणे हे आता आपल्या धर्मग्रामांतील असंख्य घरांच्या अंगवळणी पडले आहे. लग्नकार्य असो, दीक्षाविधी असो वा एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीचा अंत्यविधी असो, 'विमान किती वाजता उतरणार?' हाच प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. दुःखद प्रसंगी तर या एका प्रश्नाच्या उत्तरावर मिस्साची वेळ ठरते, नातलगांना निरोप जातात आणि फादरांनाही कळवावे लागते. अशा वेळी घरातील कुणी तरुण मोबाइलवर दोन विमानतळांची नावे टाकतो आणि क्षणार्धात उत्तर मिळते : इतके किलोमीटर, इतके तास. तो आकडा मग घरभर फिरतो. प्रत्यक्षात मात्र विमान दोन-तीन तास उशिरा पोहोचते किंवा कधी तासभर आधीच येऊन ठेपते आणि घरच्यांची धांदल उडते.

हा आकडा खोटा नसतो, परंतु तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो आपला प्रश्न नसतो. दोन विमानतळांमधील अंतर एकच असते. त्यांच्यामधील प्रवासाला लागणारा वेळ मात्र दिवसागणिक, ऋतूगणिक आणि दिशेगणिक वेगळा असतो. हा भेद नीट समजावा म्हणून आम्ही येथे एकच हवाईमार्ग घेतला आहे : ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ आणि इंग्लंडमधील लंडन. मुंबईहून सुटणारे एखादे उड्डाण का घेतले नाही, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, इतक्या दीर्घ पल्ल्यावर अंतर आणि वेळ यांतील फरक जितका ठळक दिसतो तितका जवळच्या प्रवासात दिसत नाही. शिवाय या दोन दूरस्थ शहरांना जोडणारी रेषा आपल्या कोकण किनाऱ्यालगतच जाते. ती कशी, ते पुढे येईलच.

प्रथम अंतराविषयी. पर्थ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर आहे. हे अंतर खूप की थोडे, हे ठरवण्यासाठी एक सोपे माप हाताशी ठेवावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञांनी मीटर हे परिमाण ठरवले, तेव्हा उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, अशी त्याची व्याख्या केली. त्यामुळे ध्रुव ते विषुववृत्त हे अंतर १०,००० किलोमीटर आणि एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंतचे अंतर २०,००० किलोमीटर असा हिशेब आपोआपच जुळून येतो. याचा अर्थ, पृथ्वीच्या पाठीवरील कोणतेही दोन विमानतळ परस्परांपासून साधारण २०,००० किलोमीटरहून अधिक दूर असूच शकत नाहीत. त्यापलीकडे गेलो की आपण परत जवळ येऊ लागतो. सिडनी ते लंडन हे अंतर सुमारे १७,००० किलोमीटर भरते. म्हणजे या पृथ्वीवर माणूस माणसापासून जितका दूर जाऊ शकतो, त्याच्या बहुतेक टोकाला सिडनीकर लंडनकरापासून राहतो.

हे अंतर मोजतात कसे? शाळेच्या भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून नव्हे. पृथ्वी गोल आहे आणि भिंतीवरचा नकाशा सपाट. गोल वस्तूची साल सपाट पसरायची म्हटले की ती कुठेतरी ताणली जाणारच. म्हणून सपाट नकाशावरची सरळ रेषा ही जवळची वाट नसते. घरात किंवा शाळेत पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक पर्थवर आणि दुसरे लंडनवर ठेवून तो घट्ट ताणावा. दोरा ज्या वाटेने बसतो ती सर्वांत जवळची वाट. ती पृथ्वीच्या मध्यबिंदूला केंद्र मानून काढलेल्या वर्तुळाचा भाग असते. विमानतळांमधील अंतर सांगणारी सर्व यंत्रे याच दोऱ्याची लांबी सांगत असतात.

आता हा दोरा कोठून जातो ते पाहू. पर्थहून निघून तो हिंदी महासागर तिरका ओलांडतो आणि श्रीलंकेच्या मध्यभागावरून भारतात शिरतो. मदुराईच्या आसपासहून कर्नाटक पार करीत तो गोव्यावर येतो, तेथे समुद्रात उतरतो आणि कोकण किनारा उजव्या हाताला ठेवून वायव्येकडे सरकतो. वसईच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले तर क्षितिजापलीकडे सुमारे अडीचशे किलोमीटरवर ही कल्पित रेषा अरबी समुद्र कापत जात असते. पुढे बलुचिस्तानचा किनारा, इराणमध्ये तेहरानचा परिसर, आर्मेनिया, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन आणि मध्य युरोप ओलांडून ती लंडनला पोहोचते. ही नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. यांतील काही नावे वृत्तपत्रांत का येतात, ते सर्वांना ठाऊक आहे आणि त्याचा विमानाच्या घड्याळाशी थेट संबंध आहे.

दोऱ्याची लांबी शतकानुशतके तीच आहे, पण तो कापायला लागणारा वेळ किती बदलला, हे पाहण्यासारखे आहे. १९१९ साली रॉस स्मिथ आणि कीथ स्मिथ या बंधूंनी दोन यंत्रज्ञांसह इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हे पहिले उड्डाण केले. ऑस्ट्रेलियन सरकारने त्यासाठी १०,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते आणि अट होती तीस दिवसांची. १२ नोव्हेंबरला निघालेले त्यांचे विमान कराची, दिल्ली, कोलकाता असे मुक्काम करीत १० डिसेंबरला डार्विनला उतरले. अठ्ठावीस दिवसांपैकी प्रत्यक्ष हवेत गेले ते सुमारे १३५ तास. बाकीचा काळ दुरुस्ती, चिखल, इंधन आणि हवामान यांनी खाल्ला.

१९३५ साली ऑस्ट्रेलिया ते इंग्लंड अशी प्रवासी विमानसेवा सुरू झाली, तेव्हा या प्रवासाला जवळजवळ तेरा दिवस लागत. त्या मार्गावरही आपल्याकडील कोलकाता, अलाहाबाद, दिल्ली, जोधपूर आणि कराची ही ठाणी होती आणि युरोपातील एक टप्पा तर चक्क आगगाडीने पार करावा लागे. १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान सिडनीहून लंडनला निघाले. डार्विन, सिंगापूर, कोलकाता, कराची, कैरो आणि त्रिपोली असे थांबे घेत त्याला चार दिवस लागले, त्यांतील सुमारे ५५ तास उड्डाणाचे. तेरा दिवसांचे चार दिवस झाले. अंतर एक किलोमीटरनेही घटले नव्हते.

या इतिहासातील एक प्रकरण आम्हाला विशेष हृद्य वाटते. दुसऱ्या महायुद्धात फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाईमार्ग मधोमध तुटला. तेव्हा १९४३ पासून १९४५ पर्यंत पर्थ आणि सिलोनमधील कोग्गला या सरोवराकाठच्या तळादरम्यान कॅटालिना जातीची पाण्यावर उतरणारी विमाने सोडली जात. विमानात फार तर तीन प्रवासी आणि थोडी टपाल-पिशवी, कारण बाकी सर्व वजन इंधनाचे. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून बिनतारी यंत्र बंद ठेवायचे आणि ताऱ्यांच्या आधाराने दिशा शोधायची. खाली केवळ समुद्र. हे उड्डाण २७ ते ३३ तासांचे असे. एकाच प्रवासात आकाशातच दोनदा सूर्य उगवताना दिसे, म्हणून त्या उड्डाणांना 'दुहेरी सूर्योदय' हे नाव पडले आणि प्रवाशांना तशी प्रमाणपत्रेही दिली जात. आपण गोलावर ताणलेल्या दोऱ्याचा पर्थ ते श्रीलंका हा पहिला टप्पा तो हाच. आजचे विमान तो सहा-सात तासांत ओलांडते.

पर्थ-लंडन असे मध्ये कोठेही न थांबणारे नियमित उड्डाण मार्च २०१८ मध्ये सुरू झाले. त्यासाठी बोइंग ७८७-९ हे विमान वापरले गेले आणि पहिल्या उड्डाणाला सुमारे सतरा तास लागले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हे विमान उंचावर गेल्यानंतर साधारणपणे ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाते. १४,५०० ला ९०० ने भागले तर सोळा तासांहून किंचित जास्त येतात. मोबाइलवरील अंदाज असाच काढलेला असतो. दोऱ्याची लांबी घ्यायची, एका ठरावीक वेगाने भागायची आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर टाकायचा. या हिशेबात हवा मात्र स्थिर धरलेली असते आणि हवा कधीच स्थिर नसते.

ताशी ९०० किलोमीटर हा वेग विमानाचा हवेतील वेग आहे, जमिनीवरील नव्हे. होडीचे उदाहरण आपल्या किनाऱ्यावरील वाचकांना सहज पटेल. खाडीत भरतीच्या ओढीबरोबर वल्हवणारा आणि तिच्याविरुद्ध वल्हवणारा, दोघेही सारखाच जोर लावतात. काठावरून पाहणाऱ्याला मात्र एक झपाट्याने जाताना दिसतो आणि दुसरा जागच्या जागी. विमानांचा मार्ग जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर असतो आणि त्या उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अत्यंत वेगवान वायुप्रवाह आहेत. त्यांचा वेग ताशी शंभर-दीडशे किलोमीटर असणे नित्याचे. हिवाळ्यात तो याहून कितीतरी अधिक होतो.

पर्थहून लंडनला जाणारे विमान वायव्येकडे जाते, म्हणजे पूर्वेकडे वाहणाऱ्या या वाऱ्यांना बऱ्याच भागात सामोरे जाते. संपूर्ण प्रवासात सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून लाभला असे धरू. विमानाचा जमिनीवरचा वेग ८५० होतो आणि प्रवास सतरा तासांचा होतो. परतताना तोच वारा पाठीशी असेल तर वेग ९५० होतो आणि प्रवास सव्वापंधरा तासांत आटोपतो. अंतर तेच, विमान तेच, वैमानिकाचे कौशल्यही तेच, तरीही पावणेदोन तासांचा फरक. उत्तर अटलांटिक महासागरावर हा खेळ अधिकच तीव्र होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एका मोठ्या वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून लंडनला जाणारे एक प्रवासी विमान पाठीमागच्या वाऱ्याच्या बळावर पाच तासांच्या आत पोहोचले. एरवी याच प्रवासाला सहा ते सात तास लागतात आणि उलट दिशेने त्याहूनही जास्त.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे इष्ट ठरेल. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाखालून जमीन पुढे येते आणि ते लवकर पोहोचते, असे काही जण मोठ्या विश्वासाने सांगतात. तसे असते तर पर्थहून लंडनला जाताना कमी वेळ लागला असता. घडते नेमके उलट. पृथ्वीभोवतीचे वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते आणि त्या वातावरणात तरंगणारे विमानही. वेळेत फरक पडतो तो वाऱ्यामुळे.

या उंचावरील वाऱ्यांची पहिली पद्धतशीर नोंद जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून केली. जगभर वाचले जावे या उदात्त हेतूने त्यांनी आपला अहवाल १९२६ साली एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेत प्रसिद्ध केला आणि म्हणूनच तो जवळजवळ कुणीच वाचला नाही. जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना १९४४ साली हे वारे भोवले, तेव्हा कोठे जगाने त्यांची गांभीर्याने दखल घेतली.

वाऱ्याखेरीज दुसरे कारण माणसाने निर्माण केलेले आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राचा आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण अधिकार असतो. त्यामुळे गोलावरचा दोरा कितीही जवळचा असला तरी खालील देशांनी वाट दिली आणि ती वाट सुरक्षित असली, तरच विमान त्या वाटेने जाऊ शकते. आता दोऱ्यावरील नावे पुन्हा आठवावीत. क्रिमियाचा प्रदेश २०१४ पासून वादग्रस्त आहे. १७ जुलै २०१४ रोजी अ‍ॅमस्टरडॅमहून क्वालालंपूरला जाणारे प्रवासी विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील सर्व २९८ जण मृत्युमुखी पडले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केले आणि युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. दोऱ्याचा तो भाग अशा रीतीने वापरातून गेला.

त्यानंतरची घटना आमच्या विषयाचा मथितार्थच सांगते. एप्रिल २०२४ मध्ये इराण आणि इस्राएल यांच्यातील तणाव वाढला आणि कंपनीने इराणचे आकाश टाळण्याचे ठरवले. वळसा घालणे भाग पडले. पर्थहून लंडनला जाणारे विमान तेव्हा थेट जाऊ शकले नाही. त्याला इंधनासाठी सिंगापूरला उतरावे लागले. लंडनहून पर्थला परतणारे विमान मात्र, तोच वळसा घालूनही, कोठेही न थांबता येत राहिले. विमानतळ तेच दोन, मधले अंतर तेच, विमानाची जातही तीच. एका दिशेने वारा विरोधात होता आणि दुसऱ्या दिशेने साथीला. पर्थ-लंडन आणि लंडन-पर्थ हे अंतराच्या दृष्टीने एकच असले, तरी वैमानिकाच्या दृष्टीने ते दोन भिन्न प्रवास आहेत.

थोडे जादा इंधन भरून का नेत नाहीत, असा प्रश्न येथे मनात येतो. अडचण अशी की, इंधनालाही वजन असते आणि ते वजन वाहून नेण्यासाठी पुन्हा इंधन जळते. बोइंग ७८७-९ च्या टाक्यांत सुमारे १,२६,००० लिटर इंधन मावते आणि पूर्ण भरले तर त्याचेच वजन शंभर टनांच्या घरात जाते. पर्थ-लंडन मार्गावरील विमानात कंपनीने २३६ च आसने ठेवली. याच जातीच्या विमानात इतर कंपन्या त्याहून बरीच अधिक बसवतात. शिवाय नियमाप्रमाणे शेवटचा थेंब संपेपर्यंत उडता येत नाही. ठरलेल्या विमानतळावर उतरता आले नाही तर दुसरीकडे जाता येईल आणि तेथेही काही काळ घिरट्या घालता येतील, इतका साठा शिल्लक ठेवावाच लागतो. म्हणून वळसा आणि विरोधी वारा एकत्र आले की हिशेब कोलमडतो. १९८९ साली एका बोइंग ७४७ ने आणि २०१९ साली एका बोइंग ७८७ ने लंडन ते सिडनी हे अंतर न थांबता कापले. पहिल्याला २० तास ९ मिनिटे लागली आणि दुसऱ्याला १९ तास १९ मिनिटे. दोन्ही उड्डाणे तिकिटाच्या प्रवाशांविना, जवळजवळ रिकाम्या विमानांची होती आणि दोन्ही लंडनहून सिडनीकडे, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने केली गेली, हा योगायोग नव्हे. सिडनी-लंडन असे नियमित थेट उड्डाण जादा टाकी बसवलेल्या एअरबस ए३५०-१००० विमानांनी २०२७ मध्ये सुरू करण्याचा मानस क्वांटासने जाहीर केला आहे. २००८ साली जागतिक युवा दिनासाठी पोप बेनेडिक्ट सोळावे रोमहून सिडनीला गेले, तेव्हा त्यांच्याही विमानाला डार्विनला थांबा घ्यावा लागला होता आणि एकूण प्रवास वीस तासांहून अधिक झाला होता.

आकाशबंदीचा फटका आपल्याकडील प्रवाशांनाही बसला आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या अनेक उड्डाणांना वळसा घालावा लागला आणि त्यांचे तास वाढले. अंतर सांगणाऱ्या यंत्राला याची काहीच वार्ता नसते. ते निमूटपणे दोऱ्याची लांबी सांगत राहते.

वेळापत्रकात छापलेला वेळ हा आणखी तिसराच प्रकार. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभे राहीपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीकडे जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत सरकत जाणे, हे सारे त्यात येते. हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळावर तर उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागणे नवलाचे नाही. कंपन्याही छापील वेळेत थोडी सूट धरून ठेवतात. विमान 'वीस मिनिटे आधी पोहोचले' अशी घोषणा आपण कौतुकाने ऐकतो, तेव्हा ती वीस मिनिटे बहुधा त्यांनीच आधी पदरात बांधून ठेवलेली असतात.

राहिला प्रश्न घड्याळांचा आणि घरोघरी सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. पर्थ-लंडन पहिल्या थेट उड्डाणाचेच उदाहरण घेऊ. ते पर्थहून निघाले शनिवार, २४ मार्च २०१८ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास आणि लंडनला उतरले दुसऱ्या दिवशी, झावळ्यांच्या रविवारी, पहाटे पाचच्या सुमारास. सायंकाळचे सात ते पहाटेचे पाच, म्हणजे दहा तास, असे कुणी म्हणेल. पण पर्थचे घड्याळ त्या सायंकाळी लंडनच्या आठ तास पुढे होते. दहा आणि आठ मिळून अठरा तास झाले, असे जाणकार म्हणेल. तेही चूकच. कारण ब्रिटनमध्ये मार्चच्या अखेरच्या रविवारी मध्यरात्रीनंतर एक वाजता घड्याळे एक तास पुढे सरकवतात आणि तो रविवार नेमका तोच होता. विमान आकाशात असताना खाली लंडनमध्ये एकाचे दोन वाजले. निघताना आठ तासांचा असलेला फरक उतरताना सातच तासांचा राहिला. खरे उत्तर सतरा तास. पश्चिमेकडे जाणाऱ्या त्या विमानासोबत रात्रही पश्चिमेकडे सरकत राहिली. पर्थला सूर्य मावळल्यावर निघालेले प्रवासी लंडनला सूर्य उगवण्याआधी उतरले. कॅटालिनातील प्रवाशांनी एकाच प्रवासात दोन सूर्योदय पाहिले होते, तर यांच्या वाट्याला सतरा तासांची एकच सलग रात्र आली.

इतका वेळ एका जागी बसणे शरीराला मानवत नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. चार तासांहून अधिक काळ हालचाल न करता प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटले आहे. मूळ धोका अल्प असल्याने घाबरण्याचे कारण नाही. निरोगी माणसाच्या बाबतीत दुप्पट झाल्यावरही तो साधारण सहा हजारांत एक इतकाच आहे. मात्र नातवंडांना भेटायला प्रथमच निघालेल्या आजी-आजोबांना मधूनमधून उठून चालावे, घोट्यांची हालचाल करावी, पाणी पीत राहावे, एवढे जरूर सांगावे. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा पूर्वी गुठळीचा त्रास झाला असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शेजाऱ्याची झोपमोड होईल म्हणून आपली माणसे तासन्‌तास अवघडून बसतात. हा भिडस्तपणा विमानात सोडून द्यावा.

आता घरी वाट पाहणाऱ्यांसाठी. पर्थचे घड्याळ आपल्यापेक्षा बारा महिने अडीच तास पुढे असते, कारण तेथे उन्हाळ्यासाठी घड्याळ बदलत नाहीत. सिडनी आणि मेलबर्न येथे मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते आणि उरलेल्या काळात साडेचार तास. लंडनचे घड्याळ आपल्या मागे आहे : हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. म्हणून मुलाने किंवा मुलीने फोनवर सांगितलेली वेळ कोणत्या गावच्या घड्याळाची, हे प्रथम विचारून घ्यावे. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि उतरण्याची वेळ उतरण्याच्या गावची असते. तेव्हा मुंबईला उतरण्याची छापील वेळ ही आपलीच वेळ होय. तीत आणखी काही मिळवू नये अथवा वजा करू नये. उड्डाण-क्रमांक मागून घ्यावा. विमान हवेत गेल्यानंतर त्या क्रमांकावरून मिळणारी अपेक्षित वेळ ही त्या दिवसाच्या वाऱ्याचा आणि वळशाचा हिशेब धरून काढलेली असल्याने अंतराच्या कोणत्याही आकड्यापेक्षा ती अधिक भरवशाची असते. अंत्यविधीसारख्या प्रसंगी मिस्साची वेळ विमान सुटल्याचे कळल्यावरच नक्की करता आली, तर उत्तम.

शेवटी एक बारीकशी गोष्ट, जिच्यापायी आमच्या माहितीतील एकाहून अधिक कुटुंबांची फजिती झाली आहे. मुंबईला येणारी बरीच आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर उतरतात. तिकिटावर '१२ तारीख, ००.३०' असे छापलेले असेल, तर घरची गाडी ११ तारखेच्या रात्री जेवणे उरकताच निघाली पाहिजे. १२ तारखेच्या रात्री निघणाऱ्यांना विमानतळावर कुणीच भेटत नाही, कारण त्यांचा पाहुणा आदल्या रात्रीच टॅक्सी करून घरच्या दारात येऊन उभा राहिलेला असतो.